खाण आली म्हणून शांतता आली का? गडचिरोलीपुरतं सविस्तर उत्तर

प्रश्न असा आहे: उद्योग, रस्ते, कारखाने आले की अशांत प्रदेश आपसूक शांत होतो का? गडचिरोलीत सूरजागडची खाण जोरात चालू झाली आणि त्याच सुमारास नक्षलवादी शस्त्रं खाली ठेवू लागले, मग खाणीनं नक्षलवाद संपवला असं म्हणायचं का?

या जिल्ह्यात मी आधी नियोजनाच्या आणि पुढे ग्रामसभांच्या तेंदू (विडीचं पान) आणि बांबूच्या हिशेबाच्या कामात बरीच वर्षं काढली आहेत. त्या बळावर सांगतो. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’. पहिल्याचं उत्तर, पैसा कुणाच्या हातून आणि कुठल्या अटींवर येतो यावर अवलंबून आहे.

आधी तारखा ओळीनं लावू. सूरजागडच्या डोंगरावरचा ३४८ हेक्टरचा लोहखनिजाचा पट्टा २००७ मध्ये दिला गेला. त्यानंतर जवळजवळ नऊ वर्षं तिथून म्हणावा असा दगड खाली उतरला नाही. २०१३ मध्ये हा पट्टा मिळालेल्या कंपनीच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्यासह तिघांना नक्षलवाद्यांनी मारलं. खोदकामाला हात घातला तर २३ डिसेंबर २०१६ रोजी तिथली पाऊणशेच्या आसपास वाहनं एका दिवसात जाळली गेली. २०१९ मध्ये काम परत बंद पडलं. ते नेटानं सुरू झालं २०२१ मध्ये, आणि वर्षाला १ कोटी टनांची परवानगी मिळाली २०२३ मध्ये. या दरम्यान काय घडलं होतं? एप्रिल २०१८ मध्ये बोरिया-कसनासूरला ४० नक्षलवादी मारले गेले. नोव्हेंबर २०२१ मध्ये मर्दिनटोल्याच्या जंगलात त्यांचा बडा नेता मिलिंद तेलतुंबडेसह पंचवीसहून अधिक गेले. गावांतून नवी पोरं दलमात, म्हणजे नक्षलवाद्यांच्या सशस्त्र तुकडीत, जाणं तोवर जवळपास थांबलं होतं. म्हणजे बंदुकीचा जोर आधी मोडला आणि खाणीची गाडी त्यानंतर रुळावर आली.

हा क्रम इतका ताणून धरायचं कारण आहे. तो उलटा डोक्यात बसला की ‘अजून चार पट्टे वाटा, उरलेलं आपोआप होईल’ असा सल्ला निघतो. असा सल्ला देणारी मंडळी मी बैठकांतून पाहिली आहेत, आणि ती वाईट माणसं नसतात. त्यांनी फक्त २०२१ पासूनचा तक्ता पाहिलेला असतो.

देशपातळीवरही हिशेब सरळ बसत नाही. २००३ नंतरचं दशक देशाच्या अर्थव्यवस्थेच्या भरभराटीचं. त्याच भरभराटीत, २०१० साली, नक्षली हिंसाचारानं उच्चांक गाठला. गृहमंत्रालयाच्या आकड्यांनुसार त्या एका वर्षात १९३६ घटना आणि १००५ मृत्यू. गडचिरोलीत त्याच्या आदल्या वर्षी मर्केगाव, हत्तीटोला आणि लाहेरी या तीनच ठिकाणी मिळून जवळपास पन्नास पोलीस मारले गेले होते. पोलादाला तेव्हा जगभर मागणी होती, खनिजाचे भाव चढे होते, आणि ज्या डोंगरात खनिज होतं त्याच डोंगरात रक्त सांडत होतं. २०२४ मध्ये घटना ३७४ वर आणि मृत्यू १५० वर आले. त्या काळात विकासदर काही २०१० पेक्षा दुप्पट झाला नव्हता.

आता मुळाशी जाऊ, कारण माझ्या मते सगळं उत्तर तिथेच आहे. १९८० मध्ये पीपल्स वॉर ग्रुप या नक्षलवादी संघटनेच्या तुकड्या गोदावरी ओलांडून सिरोंचात उतरल्या तेव्हा गडचिरोली जिल्हा जन्मालाही आला नव्हता. तो २६ ऑगस्ट १९८२ ला चंद्रपुरातून वेगळा निघाला. जंगलातल्या माडिया-गोंड माणसाला सरकार दिसायचं ते वनखात्याच्या नाकेदाराच्या रूपात. नाकेदार यायचा, कोंबडी न्यायचा, बांबू तोडला म्हणून दंड लावायचा, आणि तोच बांबू पेपर मिलच्या ठेक्यात कवडीमोल मजुरीवर तोडून घेतला जायचा. तेंदूचंही तसंच. दलमांनी पहिल्यांदा काय केलं? भाषणं दिली असतील, पण लोकांच्या लक्षात राहिलं ते एवढंच की तेंदूच्या पुड्याचा आणि बांबू कटाईचा दर वाढला. नाकेदाराचा धाक गेला. तिथला नक्षलवाद मजुरीच्या भावावर उभा राहिला.

तेंदूचा हंगाम जवळून पाहिल्याशिवाय यातली गोम कळत नाही. मे महिन्यात पहाटे चारला अख्खं घर जंगलात जातं. दुपारी पानं घरी आणून सत्तर-सत्तर पानांचे पुडे वाकानं बांधायचे, संध्याकाळी ते फळीवर, म्हणजे पानं गोळा करायच्या जागी, नेऊन रांगेत मांडायचे. ठेकेदाराचा मुन्शी काठी घेऊन रांगेतून चालतो, पुडे मोजतो, कार्डावर आकडा लिहितो. हजार पुड्यांची एक गोणी. जुन्या काळी मोजता मोजता शेकड्यामागे चार-पाच पुडे ‘खराब’ म्हणून बाजूला पडायचे आणि ते कुठल्याच कार्डावर चढत नसत. बाई काही बोलायची नाही. हंगाम पंधरा-वीस दिवसांचा, त्यात मुन्शीशी वाकडं घेऊन कसं चालेल? पण वर्षभराच्या रोख पैशातला मोठा वाटा त्या पंधरा दिवसांत येतो. मीठ, तेल, कापड, पोराची फी, लग्न, सगळं त्यावर. त्या चार-पाच पुड्यांचा जो राग साठतो, तो चाळीस किलोमीटरवरच्या तहसील कार्यालयाला दिसत नाही. दलमाला दिसायचा.

पुढे दलमांचंही अर्थकारण झालं. मजुराला दर वाढवून देणारा ठेकेदार त्याच हंगामात दलमालाही पैसे मोजू लागला. रस्त्याचा ठेकेदार, बांबूचा ठेकेदार, तेंदूचा व्यापारी, सगळ्यांच्या खर्चात एक न लिहिलेली ओळ असायची. त्या ओळीमुळे या भागात रस्त्याच्या निविदा एक तर भरल्या जात नसत, नाहीतर भलत्याच चढ्या दरानं भरल्या जात. म्हणजे सरकार विकासाला जितका पैसा ओतत होतं, त्यातला काही हिस्सा फिरून भूसुरुंगाच्या तारेत जात होता. १ मे २०१९ ला दादापूरजवळ रस्त्याच्या कामावरची वाहनं पहाटे जळाली आणि पाहणीला निघालेल्या पथकाची गाडी जांभुळखेड्याजवळ उडवली गेली. पंधरा पोलीस आणि गाडीचा चालक गेले. ते काम राष्ट्रीय महामार्गाचं होतं. विकासकाम स्वतःच लक्ष्य होतं आणि खंडणीचा स्रोतही. गेल्या चाळीसेक वर्षांत या जिल्ह्यात पाचशेहून अधिक सामान्य माणसं नक्षलवाद्यांनी मारली, त्यातली बहुतेक आदिवासी. ज्यांच्या मजुरीसाठी सुरुवात झाली त्यांनाच खबरी ठरवून मारण्यापर्यंत गाडी आली. लोक दुरावले त्याचं मोठं कारण हेच, याबद्दल मला शंका नाही.

आता दुसरी वाट. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाची ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा महाराष्ट्राला ठाऊक आहे. त्यामागचा व्यवहार कमी लोकांना ठाऊक आहे. वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये या गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. पण बांबू तोडून विकायचा तर वाहतूक परवाना वनविभागाकडे. हक्क कागदावर आणि बांबू जंगलात, अशी दोन वर्षं गेली. २७ एप्रिल २०११ ला केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि परवाना पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. कटाईचा दर ग्रामसभेनं ठरवला, ठेकेदार ग्रामसभेनं निवडला, पैसे ग्रामसभेच्या खात्यात. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांनी त्याआधी वीसेक वर्षं गावाला सर्वसहमतीनं निर्णय घ्यायची सवय लावलेली होती, म्हणून ते जमलं. खात्यात पैसा आला आणि गाव फुटलं, असंही मी इतरत्र पाहिलं आहे.

त्यानंतर जिल्ह्यात हजारावर गावांना सामूहिक हक्क मिळाले, आणि पेसाच्या (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या कायद्याच्या) आधारानं शेकडो ग्रामसभा तेंदूचा लिलाव स्वतः करू लागल्या. फरक कसा पडला ते सांगतो. पूर्वी मजुरी मिळायची आणि बोनस आला तर वर्षा-दोन वर्षांनी. आता मजुरीवर रॉयल्टीही गावाकडे येते, आणि फळीवर मोजणी करणारा पोरगा गावातलाच असतो. २०१७ च्या हंगामात भाव असे चढले की लोकांनी मोटारसायकली घेतल्या, घरावर पत्रे घातले. पुढच्या वर्षी भाव आपटले. त्यात तेंदूवर १८ टक्के जीएसटी बसला होता, आणि काही व्यापाऱ्यांनी ग्रामसभांचे पैसे थकवले. तेव्हा गावं न्यायालयात गेली, तहसीलदाराकडे गेली, व्यापाऱ्याला पुढच्या लिलावातून बाद करा म्हणाली. १९८५ मध्ये हीच तक्रार जंगलात दलमापुढे गेली असती. सुरक्षा-सुरक्षा म्हणतात ती मला त्या बदलात दिसते, आणि त्याची बातमी कुठे छापून आली नाही.

कोलंबियावरचा एक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे कॉफीचे भाव पडले की कॉफीच्या पट्ट्यात हिंसाचार वाढला, आणि तेलाचे भाव वाढले की तेलाच्या पट्ट्यात वाढला. कारण साधं आहे. कॉफीला हात लागतात, भाव चांगला असला की पोरगा बंदूक सोडून मळ्यात जातो. तेलाला हात कमी लागतात आणि पैसा एका जागी साठतो, तो लुटायला नाहीतर हिस्सा मागायला टोळ्या येतात. आपल्याकडे कॉफीच्या जागी तेंदू-बांबू ठेवा, तेलाच्या जागी लोहखनिज. जुळणी शंभर टक्के नाही, कारण खाणीलाही माणसं लागतात. पण दिशा बरोबर आहे. रोजगार हमीवरचे अभ्यास वाचलेत तर गोंधळायला होईल. एकात नक्षली हिंसाचार कमी झाला, दुसऱ्यात सुरुवातीला वाढला. मला वाटतं दोन्ही खरे असू शकतात. आंध्रसारखं जिथे प्रशासन काम आणि मजुरी वेळेवर पोचवू शकलं तिथे एक निकाल, जिथे मस्टर कागदावरच राहिलं तिथे दुसरा.

खाणीबद्दल न्यायानं बोलायचं तर रोजगार खरा आहे. एटापल्ली-आलापल्लीकडची हजारो पोरं तिथे आणि कोनसरीच्या कारखान्यात कामाला लागली, शरण आलेल्यांपैकी काहींनाही तिथे घेतलं. दर महिन्याला बँकेत पगार पडणं ही त्या भागात नवी गोष्ट आहे, तिला नाकं मुरडणारी माणसं बहुतेक पुण्या-मुंबईत राहतात. (तसा या जिल्ह्यातला सगळ्यात मोठा ‘उद्योग’ म्हणाल तर पोलीस भरती. पहाटे कुठल्याही तालुक्याच्या डांबरी रस्त्यावर पोरं-पोरी धावताना दिसतील. सी-६० या नक्षलविरोधी पोलीस पथकात १९९० पासून स्थानिक आदिवासी तरुण घेतले. दलमात जाणारा आणि त्याला शोधणारा अनेकदा एकाच गावचे. पगाराची, पेन्शनची सरकारी नोकरी समोर दिसल्यावर दलमाचा रस्ता ओसाड पडला, हा आर्थिक परिणाम कुणी मोजला असेल असं वाटत नाही.)

पण खाणीची दुसरी बाजू २०१९ च्या जानेवारीत दिसली. एटापल्लीजवळ खनिजाचा ट्रक आणि एसटी बसची धडक झाली, बसमधली माणसं गेली, आणि चिडलेल्या लोकांनी ट्रक पेटवून दिले. २०१६ मध्ये ट्रक पेटवले ते सशस्त्र दलमानं. २०१९ मध्ये पेटवले ते बाजाराला निघालेल्या साध्या माणसांनी. धूर तोच, पण पहिल्याचा बंदोबस्त पोलिसांकडे आहे, दुसऱ्याचा नाही. दुसरी घटना घडली तेव्हा नक्षलवाद उताराला लागला होता, हे ध्यानात घ्या.

तोडगट्ट्याचं आंदोलन यासोबत वाचावं लागेल. २०२३ मध्ये सूरजागड इलाख्यातली माडिया गावं आठेक महिने तिथे बसून होती. सूरजागड हे त्यांच्या ठाकूरदेवाचं ठिकाण, जानेवारीत तिथे यात्रा भरते. त्यांचं म्हणणं साधारण असं होतं की गावाला जोडणारा रस्ता हवा, दवाखाना हवा, शाळा हवी. ट्रकांसाठीचा रुंद रस्ता आणि नवे पट्टे नकोत. २० नोव्हेंबर २०२३ ला आंदोलन उठवलं गेलं. त्याच दिवशी जवळच वांगेतुरीला चोवीस तासांत पोलीस मदत केंद्र उभं राहिलं. ते आंदोलन नक्षलवाद्यांच्या सांगण्यावरून होतं, असं पोलिसांचं म्हणणं. काही प्रमाणात दबाव असेलही. त्या भागात तो कुणावर नव्हता? पण ग्रामसभेचा ठराव हा लोकांचा राग बोलायचा एकमेव कायदेशीर दरवाजा आहे. तो नक्षली म्हणून लावून घेतला तर आपण १९८० च्या उंबरठ्यावर परत जातो. हे माझं मत, आणि माझे काही पोलीस खात्यातले मित्र त्याच्याशी अजिबात सहमत नाहीत.

त्याच वांगेतुरीची पुढची गोष्टही सांगितली पाहिजे, नाहीतर चित्र एकांगी होईल. १ जानेवारी २०२५ ला गट्टा-गर्देवाडा-वांगेतुरी रस्त्यावर स्वातंत्र्यानंतर पहिल्यांदा एसटी धावली. बत्तीस किलोमीटर. पूर्वी तापानं फणफणलेलं मूल कावडीत घालून न्यायचे, आता बस आहे. पोलीस मदत केंद्रातल्या ‘दादालोरा खिडकी’त जातीचा दाखला, आधार, कृषी योजना मिळतात; तलाठी जिथे पोचत नव्हता तिथे शिपाई अर्ज भरून देतो. ही सोय खरी आहे. फक्त गणवेशातल्या माणसाकडून दाखला घ्यायची सवय कायमची होऊ नये, एवढंच वाटतं. पोलिसानं तलाठ्याचं काम दोन वर्षं करावं. दहा वर्षं करत राहिला तर मुलकी प्रशासन कधीच आलं नाही असा अर्थ होतो.

प्रश्नात ‘प्रदेश’ हा शब्द आहे, म्हणून सीमेपलीकडचं थोडक्यात. आंध्रनं १९८९ मध्ये ग्रेहाउंड्स हे नक्षलविरोधी दल उभारलं, दुर्गम भागासाठी वेगळं खातं काढलं, रस्ते केले, आणि तेलंगणातला नक्षलवाद आटला. तो हवेत विरला नाही. बस्तर आणि गडचिरोलीत सरकला. एका जिल्ह्याची शांतता दुसऱ्याच्या अंगावर येऊ शकते, हा इथला जुना अनुभव आहे. आता बस्तरही मोकळं होतंय, १५ ऑक्टोबर २०२५ ला नक्षलवाद्यांचा वरिष्ठ नेता भूपतीनं साठ सहकाऱ्यांसह गडचिरोलीतच शस्त्रं ठेवली, तेव्हा सरकायला जागाच उरलेली नाही. पण पाणी सरकतं. गोदावरीवरच्या मेडीगड्डा बॅरेजनं तेलंगणाच्या शेताची सोय पाहिली आणि सिरोंचाकडच्या शेतकऱ्याच्या जमिनीत पाणी शिरलं. मोबदल्यासाठी तो शेतकरी वर्षानुवर्षं खेटे घालतोय. त्याच्या हातात बंदूक नाही म्हणून ती तक्रार सुरक्षेच्या खात्यात कुणी मांडत नाही.

मग बघायचं काय? कारखान्याचे टन बघू नका, ते वाढतच जातील. जुना पट्टा असल्यामुळे कायद्यानं रॉयल्टीच्या ३० टक्क्यांइतकी रक्कम जिल्हा खनिज प्रतिष्ठान या खाणबाधित भागासाठीच्या निधीत येते. ती रक्कम एटापल्ली-भामरागडच्या दवाखान्यांत आणि आश्रमशाळांत किती गेली, आणि जिल्ह्याच्या ठिकाणच्या इमारतींत किती, हे बघा. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागड अजून किती दिवस तुटतं ते बघा. खाणीत स्थानिकांना कायम नोकरी किती आणि ठेकेदारामार्फत किती, ते विचारा.

अभ्यासच करायचा असेल तर कोरची आणि एटापल्ली हे दोन तालुके शेजारी ठेवा. दोन्ही छत्तीसगडच्या सीमेवर, दोन्ही जंगलाचे, दोन्हींना दलमांचा जुना इतिहास. कोरचीत ग्रामसभांनी एकत्र येऊन महाग्रामसभा बांधली, तेंदूचा व्यवहार हातात घेतला आणि झेंडेपारच्या खाणीला विरोध केला. एटापल्लीत खाण चालू आहे. पाच-सात वर्षांचे आकडे एकमेकांसमोर मांडा: कुटुंबाची रोख कमाई, पोलीस ठाण्यातले गुन्हे, अपघात, दारूचे खटले, शाळेतली गळती. तेंदूचं रजिस्टर ग्रामसभेच्या सचिवाकडे असतं, मागितलं तर दाखवतात. मे महिन्यात मात्र जाऊ नका, गावात कुणी सापडणार नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस लागायच्या आत जा. तेव्हा हिशेब ताजा असतो आणि कुणाचे किती पैसे कुणी थकवले हे लोक न विचारता सांगतात.